दुर्मिळ आडनावाचा माग : खानेसुमारीपासून १९५१च्या नोंदवहीपर्यंत

इंग्लंडमधल्या घराण्याला आपले दुर्मिळ आडनाव १८४१पासून पुढच्या जनगणनांमध्ये घराघरांत शोधता येते, कारण तिथे प्रत्येक घरातील माणसांची नावे लिहिलेले मूळ कागद जपले गेले आणि शंभर वर्षे उलटल्यावर ते लोकांसाठी खुले होतात. तिथली उदाहरणे वाचून आपल्याकडचा हौशी संशोधक पहिला प्रश्न विचारतो तो असा, की १८८१च्या जनगणनेत माझ्या पणजोबांचे नाव कुठे पाहायला मिळेल? ते कुठेच मिळणार नाही. हे आधी स्वीकारले की पुढची वर्षे वाचतात. भारतीय जनगणनेने आडनावांचे तक्ते छापले नाहीत. इंग्रजी अमदानीत घरोघरी भरलेल्या पत्रकांवरून आकडे काढून झाले की ती पत्रके रद्दीत जात. स्वातंत्र्यानंतरच्या नोंदी १९४८च्या जनगणना कायद्यातील कलम १५ने गोपनीय ठरवल्या आहेत. त्या कोणालाही पाहता येत नाहीत, म्हणून माहितीच्या अधिकाराखाली त्यांच्यासाठी अर्ज करण्यात अर्थ नाही.

तरीही दुर्मिळ आडनावाच्या शोधात जनगणनेचे खंड उपयोगी पडतात. ते माणूस दाखवत नाहीत, पण त्याचे गाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या संस्थानात आणि कोणत्या लिपीच्या राज्यात होते हे दाखवतात. आपल्याकडे घराण्याचा कागद आडनावाखाली नव्हे, गावाखाली बांधलेला असतो. त्यामुळे या कामाचा क्रम आडनावावरून गाव, गावावरून दप्तर आणि दप्तरातून माणूस असाच राहतो.

घरातून निघताना

कोणत्याही कचेरीत जाण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्क व्यक्तींशी बोलावे. त्यातही सासुरवाशीण म्हणून घरात आलेल्या आजी, चुलत आजी आणि आत्या यांना आधी विचारावे, कारण कुळाचार त्यांनी शिकून घेतलेला असतो आणि जन्मापासून त्या घरात राहिलेल्या पुरुषाला जे गृहीत वाटते ते त्यांच्या लक्षात राहिलेले असते. प्रश्न थेट ‘आपण मूळचे कुठले?’ असा विचारला तर ऐकीव आख्यायिका हाती येते. त्याऐवजी कुलदैवत कोणते, लग्नानंतर दर्शनाला कुठे जातात, देवक कोणते, भाऊबंदकीत सोयर-सुतक कोणाकोणाचे पाळतात, जत्रेला कोणत्या गावाहून निरोप येई, असे लहान प्रश्न विचारावेत. सुतक पाळण्याची यादी म्हणजे तोंडी चालत आलेली वंशावळच असते. आडनाव वेगळे असूनही ज्या घराचे सुतक धरले जाते, ते घर बहुधा आपल्याच मूळ शाखेतले निघते.

घरातील शाळा सोडल्याचे दाखले, जुनी शिधापत्रिका, जन्मपत्रिका, खरेदीखते आणि भांड्यांवर कोरलेली नावेसुद्धा पाहून ठेवावीत. प्रत्येक कागदावर आडनाव जसे लिहिले असेल तसेच उतरवावे, ते सुधारू नये.

आडनावाची रूपे लिहून काढणे

हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळणाऱ्यांचा शोध बहुधा इथेच चुकतो. दुर्मिळ वाटणारे आडनाव कित्येकदा एखाद्या ओळखीच्या आडनावाचे वेगळ्या हाताने लिहिलेले रूप असते. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, अनुस्वार बऱ्याचदा गळतात आणि ओळीतील शब्द तोडून लिहिलेले नसतात. इंग्रजी कागदांत अडचण निराळी असते. रोमन लिपीत ठ आणि थ, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल एकाच अक्षरांनी लिहिले जातात, आणि व कधी एका अक्षराने तर कधी दुसऱ्याने येतो. त्यामुळे इंग्रजी नोंदीतून आडनाव परत देवनागरीत आणताना एका आडनावाची चार होतात. मी स्वतः एका आडनावाचा शोध ‘थ’ने घेत बरेच महिने घालवले, ते मुळात ‘ठ’ने होते आणि इंग्रजी दाखल्यावरून देवनागरीत येताना बदलले होते.

म्हणून एका पानावर तीन रकाने आखावेत : देवनागरीतील शक्य रूपे, मोडीत जशी दिसतील ती रूपे आणि रोमन लिपीतील संभाव्य स्पेलिंगे. चौथा रकाना ‘आडनावाऐवजी काय लिहिले असेल’ यासाठी ठेवावा. जुन्या कागदात माणसाची ओळख आडनावाने दिलेली असेलच असे नाही. ‘सुभानजी बिन बापूजी पाटील’ अशा नोंदीत ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’, ‘वलद’चा अर्थही तोच, आणि स्त्रीच्या नावापुढे येणारे ‘कोम’ म्हणजे ‘ची पत्नी’. पाटील, कुलकर्णी, चौगुला, सुतार, गुरव ही तिथे पदे किंवा व्यवसाय असतात. आज जे घराणे एखादे विरळ आडनाव लावते, ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वी याच पदाच्या नावाने नोंदलेले असण्याची शक्यता मोठी असते.

छापील जनगणना कशी वाचावी

मुंबई इलाख्यात पहिली जनगणना १८७२ला झाली आणि देशभर एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ची. एकोणिसाव्या शतकातील मराठीत तिला खानेसुमारी म्हणत. हा शब्द पेशवाईतून आलेला आहे; खाना म्हणजे घर आणि सुमारी म्हणजे मोजणी. या खंडांचे मोठे भाग आता भारताच्या महानिबंधकांच्या संकेतस्थळावरील डिजिटल ग्रंथालयात वाचता येतात.

त्यात तीन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे जातवार तक्ते. ते १९३१पर्यंत सविस्तर मिळतात. घराणे संख्येने लहान असलेल्या समाजातले असेल, तर तो समाज कोणत्या जिल्ह्यांत होता आणि कोणत्या जिल्ह्यांत जवळजवळ नव्हता हे या तक्त्यांवरून कळते आणि शोधाचा प्रदेश एकदम आखडतो. मोठ्या समाजातील घराण्यांना या तक्त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांनी जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील लोकवस्तीची प्रकरणे वाचावीत. पुणे जिल्ह्याचा खंड १८८५चा आहे. त्या प्रकरणांत समाजागणिक प्रचलित आडनावांच्या याद्या दिलेल्या आहेत. याद्या अपुऱ्या आहेत, पण आपले आडनाव अनपेक्षितपणे दुसऱ्याच जिल्ह्याच्या खंडात सापडले तर तो मोठा धागा असतो.

दुसरी गोष्ट गावांच्या याद्या. १९५१पासून जिल्हा जनगणना पुस्तिका निघू लागल्या आणि त्यात तालुक्यातील गावे एकेक करून दिली गेली. आडनाव ‘कर’ने संपत असेल तर ही यादी वाचावीच लागते. इथे दोन संकटे येतात. ‘वडगावकर’सारख्या आडनावाला डझनावारी वडगावे उभी राहतात. अशा वेळी कुलदैवत, देवक आणि सोयरिकींचा टापू यांच्या आधारे एकेक वडगाव गाळत जावे लागते. उलट आडनाव खरोखरच विरळ असेल तर गावच सापडत नाही. ते गाव बेचिराग झालेले असू शकते, म्हणजे महसुली दप्तरात त्याची हद्द आहे पण वस्ती उठली आहे. ते धरणाखाली गेलेले असू शकते. मुळशी, कोयना, जायकवाडी आणि उजनी यांच्या जलाशयांत गेलेल्या गावांची नावे १९५१च्या किंवा त्याआधीच्या यादीत शोधावी लागतात, आजच्या नकाशात ती दिसणार नाहीत. आणि काही वेळा गावाचे नाव बदलते पण आडनाव जुनेच रूप धरून बसते. चौलचे जुने नाव चेऊल. कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजातील चेऊलकर या आडनावात ते अजून तसेच आहे. त्या समाजात पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे इतकी आहेत की केवळ आडनावांवरून रायगडच्या किनाऱ्याचा नकाशा काढता यावा.

तिसरी गोष्ट सीमांची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. १९५१ला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि पश्चिम महाराष्ट्र मुंबई राज्यात होता. त्याच्या थोडेच आधीपर्यंत कोल्हापूर, सांगली, फलटण, भोर, औंध, सावंतवाडी, जंजिरा ही संस्थाने वेगळी होती. खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ला झाले. आजचा सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीत होता, जालना जिल्हा त्याच वर्षी आणि लातूर १९८२ला निघाला. गाव कोणत्या साली कोणाच्या अमलाखाली होते हे दहा-दहा वर्षांच्या खंडांतून लिहून काढले, की कागद मोडीत असेल, उर्दूत असेल की इंग्रजीत, आणि तो कोणत्या शहरात असेल, याचा अंदाज घरी बसून येतो.

१९५१ची राष्ट्रीय नोंदवही

जनगणनेतून निघालेला आणि तरीही माणसाचे नाव दाखवणारा एक कागद आपल्याकडे आहे, पण त्याची माहिती थोड्यांनाच असते. १९५१च्या जनगणनेबरोबर नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार करण्यात आले आणि त्यात गावातील घरांनुसार माणसांची नावे उतरवली गेली. आसाममुळे त्याचे नाव गाजले, परंतु महाराष्ट्रातही काही तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत ते रजिस्टर शिल्लक आहे. अलीकडे कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात तपासायच्या अभिलेखांमध्ये या रजिस्टरचा समावेश होता. त्या मोहिमेत अनेक जिल्ह्यांनी गावनिहाय जुने कागद स्कॅन करून आपापल्या संकेतस्थळांवर ठेवले. तुमचा त्या विषयाशी काही संबंध नसला तरी तुमच्या गावाची पाने तिथे आहेत का हे पाहून घ्यावे, कारण ज्या कागदासाठी पूर्वी चार खेपा घालाव्या लागत तो कधीकधी तिथे एका टिचकीवर मिळतो.

रजिस्टर तालुक्यात नसेल तर त्याच काळाची माहिती गावाचा नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि प्राथमिक शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर यांतून जुळवता येते. विदर्भात जन्म-मृत्यूच्या याच नोंदी कोतवाल बुक या नावाने मागाव्या लागतात. या दोन्ही कागदांचे दोष माहीत असावेत. जन्माच्या जुन्या नोंदीत मुलाचे नाव पुष्कळदा नसते. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते, आणि आडनाव तर अनेकदा वगळलेले असते. शाळेच्या रजिस्टरात आडनाव असते पण जन्मतारीख गुरुजींच्या सोयीची असते. १ जूनला जन्मलेल्यांची आपल्याकडची संख्या पाहिली की हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून आडनाव शाळेच्या रजिस्टरातून घ्यावे, तारीख नमुना १४मधून घ्यावी आणि बापाच्या नावावर दोन्ही जुळवावीत.

शाळेचे रजिस्टर आणखी एका कारणासाठी पाहावे. आडनाव कोणत्या पिढीत बदलले हे बहुधा तिथेच कळते. थोरला भाऊ ‘पाटील’ म्हणून दाखल झालेला असतो आणि धाकटा गावाच्या नावाने.

त्यामागचा काळ : जमिनीचे कागद

१९५१च्या मागे जाताना सर्वांत भरवशाचा आधार जमिनीचा आहे. इथे आठवणीपेक्षा सरकारी वसुली बोलते. आज हाती असलेल्या सातबाराच्या उताऱ्यावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीवरील हक्क बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक असतात. त्यातील सर्वांत जुना क्रमांक घेऊन त्या फेरफाराची, म्हणजे गाव नमुना ६ची, नक्कल काढावी. वारसाचा फेरफार असेल तर त्यात मयताचे नाव, मृत्यूचा काळ आणि वारस लिहिलेले असतात. तिथून आणखी जुना क्रमांक आणि त्याचा फेरफार, असे शिडीच्या पायऱ्या उतरत गेल्यासारखे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाता येते, कारण मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३चा आहे. अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात आहेत. तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज द्यावा. अर्जात आडनाव लिहून उपयोग नाही. गाव, गट क्रमांक, जुना सर्व्हे क्रमांक आणि साल लिहावे. अभिलेखपाल गठ्ठा शोधतो तो या चार गोष्टींवरूनच.

त्याहून मागे भूमापनाचे कागद आहेत. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात १८३५च्या सुमारास सुरू केलेली मोजणी आणि जमाबंदी पुढे इलाखाभर झाली. पक्का बुक, शेतवार पत्रक, क्लासर रजिस्टर ही तिची अपत्ये भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. त्यात शेताच्या क्रमांकासमोर खातेदाराचे नाव असते आणि जुन्या भागांची लिपी मोडी असते. मराठवाड्यात मात्र हा क्रम चालत नाही. तिथे खासरा पाहणी पत्रक हा मधला दुवा ठरतो आणि त्यामागे निजामी काळातील उर्दू कागद लागतात, ज्यासाठी वाचणारा माणूस आधी शोधून ठेवावा.

घराणे वतनदार किंवा इनामदार असेल तर नशीब उघडले असे समजावे. इंग्रजांनी इनामांची चौकशी करण्यासाठी १८५२ला कायदा करून इनाम कमिशन बसवले, तेव्हा प्रत्येकाला आपला हक्क सिद्ध करण्यासाठी कैफियत, म्हणजे लेखी निवेदन, द्यावी लागली, आणि कैफियतीत मूळ पुरुषापासून वंशावळ आली. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो, रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेले असे कागद आहेत, आणि पेशवाईतील काही कसब्यांच्या आणि पेठांच्या खानेसुमाऱ्याही आहेत, ज्यांत घरांची मोजणी घरमालकाच्या नावानिशी केलेली आढळते. खऱ्या अर्थाने जनगणनेतून आडनाव शोधण्याचा अनुभव तिथे येतो. रुमाल मागवताना परगणा आणि गाव सांगावे लागते. जनगणनेच्या खंडांवरून काढलेला सीमांचा तक्ता इथे पुन्हा कामी येतो.

मोडी स्वतः शिकणे इष्ट. पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात, आणि आपल्या आडनावाची पाच-सहा रूपे ओळखण्याइतकी मोडी दोन-तीन महिन्यांच्या सरावाने येते. अख्खा महजर, म्हणजे जुन्या निवाड्याचा कागद, वाचण्यासाठी जाणकाराची मदत घ्यावी.

कालगणना मात्र पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, दक्षिणेतील फसली सनात ५९० आणि सूर सनात ५९९ मिळवावे. वर्ष मध्येच बदलत असल्याने एखाद्या वर्षाचा फरक राहतो. सूर सन अक्षरांत आणि अरबी संख्यावाचकांत लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०-६१ हे पानिपतचे साल मिळते. हे एक उदाहरण पाठ केले की बाकीचे जमते.

सरकारबाहेरच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गाव आणि आडनाव यांखाली पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत, आणि अनेक ठिकाणी यात्रेकरूची स्वतःची सहीसुद्धा आहे. क्षेत्री गेल्यावर आधी गाव सांगावे, मग त्या गावाचे उपाध्याय कोण ते कळते. वहीतील पानाचा फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि दक्षिणा मोकळ्या हाताने द्यावी. ती वही त्यांच्या घराण्याची मिळकत आहे. कोल्हापूर-सांगली-बेळगावच्या पट्ट्यात हेळवी आणि इतर भागांत भाट घराण्यांच्या वंशावळी राखतात. त्यांच्या सांगण्यातील अलीकडच्या चार-पाच पिढ्या बऱ्याच पक्क्या असतात. त्यापलीकडे घराणे एखाद्या राजवंशाला जाऊन भिडू लागले की लिहून जरूर घ्यावे, पण पुरावा म्हणून धरू नये.

गोव्यातील घराण्यांसाठी मार्ग निराळा आहे. ख्रिस्ती घराण्यांना चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि हिंदू-ख्रिस्ती दोघांनाही गावच्या कोमुनिदादमधील, म्हणजे सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गावसंस्थेतील, गावकारांच्या नोंदी पाहाव्या लागतात, आणि कागद पोर्तुगीज असतो. पणजोबा शिक्षणासाठी विलायतेला गेले असतील तर मात्र १९११ आणि १९२१च्या तिथल्या जनगणना जरूर तपासाव्यात. आडनावाचे स्पेलिंग बिघडलेले असले तरी जन्मस्थळाच्या रकान्यात मुंबई किंवा पुणे टाकून शोधता येते. १९३१ची पत्रके १९४२च्या आगीत जळाली आणि १९४१ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही, म्हणून त्यापुढे तिथे हात मारू नये. मॉरिशसला गिरमिटिया म्हणून गेलेल्या मराठी मजुरांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यात बहुधा एकेरी नाव आणि बापाचे नाव असते, आणि तेच एकेरी नाव पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले.

सांधे जुळवताना

आडनाव दुर्मिळ आहे म्हणून ते लावणारे सगळे एकाच घराण्यातले, हा समज सर्वाधिक फसवतो. एकाच गावातून निघालेल्या दोन वेगळ्या जातींच्या घरांनी तेच ‘कर’ आडनाव घेतलेले असते, आणि टोपणनावावरून पडलेले आडनाव दोन जिल्ह्यांत स्वतंत्रपणे उगवू शकते. म्हणून दोन पिढ्या जोडताना निदान दोन वेगळ्या प्रकारचे कागद हवेत, उदाहरणार्थ वारसाचा फेरफार आणि शाळेचे रजिस्टर, आणि त्यांत बापाचे नाव, गाव आणि शक्यतो जमिनीचा क्रमांक जुळायला हवा. एकाच घराण्यात आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्याने ‘बापूजी बिन सुभानजी’ आणि ‘सुभानजी बिन बापूजी’ यांची माळ अदलाबदल होऊन चुकते. तिथे साल नसलेला कागद जोडायला वापरूच नये.

काढलेल्या प्रत्येक नकलेच्या मागे कचेरीचे नाव, गठ्ठा किंवा रुमाल क्रमांक, पान आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. जे रजिस्टर पाहिले आणि त्यात काही मिळाले नाही, त्याचीही नोंद तितक्याच काळजीने ठेवावी : कोणते गाव, कोणती साले, आडनावाची कोणती रूपे शोधली. दोन वर्षांनी ‘ठ’चा ‘थ’ झाल्याचे लक्षात येईल, तेव्हा कोणती रजिस्टरे पुन्हा उघडायची हे त्याच वहीवरून ठरवावे लागेल.